झगा धरणारी बाई

६ सप्टेंबर

ही वही सूनबाईने दिली. वाढदिवस नाही, काही नाही, उगाच. म्हणाली, "आई, दिवसभर तुम्ही परक्या वस्तूंचं लिहिता, आता घरचंही लिहा थोडं. जसं दिसेल तसं." जाड पुठ्ठ्याची आहे, मागच्या पुठ्ठ्याला आतून खिसा. मी म्हटलं, घरचं काय लिहायचं, दूध आलं आणि दूध उतू गेलं? ती हसली नाही. तिचं हसू हल्ली महाग झालंय.

तर लिहिते. मी संग्रहालयाच्या नोंदणी विभागात आहे. एकतीस वर्षं झाली, डिसेंबरात निवृत्त होईन. बाहेरून वस्तू आली की तिच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा, चीर, पोपडा, टवका शोधायचा, पट्टीने मोजायचा आणि स्थिती-अहवालात उतरवायचा, हे माझं काम. येतानाच असलेली इजा काळ्या पेन्सिलीने, आल्यावर झालेली लाल पेन्सिलीने. लाल खुणेखाली एक ठरलेलं वाक्य लिहावं लागतं: 'वस्तू आमच्या ताब्यात असताना.' त्याखाली ज्याची सही, तो जबाबदार. एकतीस वर्षांत माझ्या लाल पेन्सिलीला दुसऱ्यांदा टोक करायची वेळ आलेली नाही. हाताखालची माणसं मला पाठीमागे 'भिंग' म्हणतात. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

सवय जात नाही म्हणून एक नोंद. सूनबाईचा खालचा ओठ उजवीकडे फुटलाय, सहा मिलिमीटर, ताजा. कपाटाचं दार लागलं म्हणाली. दार मी जाऊन पाहिलं. त्याची कड तिच्या छातीशी येते. वाकली असेल.

१३ सप्टेंबर

पेट्या आल्या. चौतीस. पोर्तुगालची साडेपाचशे वर्षांची कला: लाकडावरची चित्रं, मूर्ती, हस्तिदंत, निळ्या फरश्या आणि शेवटी गेल्या शतकातले दोन अगडबंब कॅनव्हास. साहेब भाषणात म्हणाले, हा सौंदर्याचा प्रवास आहे. मी यादी वाचली, मला तर मारामारीच जास्त दिसली. एकाला बाणांनी भोसकलंय, एकाचं मुंडकं ताटात, फरश्यांवर लढाई, आणि कॅनव्हासवर नुसता लाल रंग, खाटकाच्या ओट्यासारखा.

पेट्यांबरोबर तिकडच्या संग्रहालयाच्या एक बाई आल्या आहेत, लेकीला सासरी सोडायला माहेरचं माणूस यावं तशा. परत जाईपर्यंत वस्तूंवर त्यांची नजर. मी त्यांना पाहुणी म्हणते. आम्ही दोघी एक परकी भाषा सारखीच मोडकी बोलतो, त्यामुळे छान समजतं.

पेट्या लगेच उघडायच्या नसतात. चोवीस तास तशाच ठेवायच्या, इथल्या हवेची सवय होऊ द्यायची. प्रत्येक पेटीला बाहेरून एक चिकटपट्टी असते, तिच्यात काचेचा ठिपका. पेटी आदळली की ठिपका लाल होतो आणि मग लालच राहतो. माणसं कितीही शपथा घेवोत.

आमचे चिरंजीव उचल-ठेव करणाऱ्या टोळीत आहेत. मीच चिकटवलं. टोळीत त्याला पैलवान म्हणतात. कामाला लागताना हातात घड्याळ-अंगठी ठेवायची नाही असा नियम आहे, कशाला ओरखडा जायला नको. तो घड्याळ काढून माझ्या हातात देतो, "आई, धर." काम होईपर्यंत मी सांभाळते. त्याच्या वडिलांचंच घड्याळ. हेही असंच काढून द्यायचे.

१५ सप्टेंबर

आज जे पाहिलं ते डोळ्यांपुढून जात नाही.

पाचशे वर्षांपूर्वीचं लाकडी फळीवरचं चित्र, चित्रकार अज्ञात. मधोमध खांबाला बांधलेली एक संत बाई. एक मारेकरी सांडशीने तिच्या छातीचं मांस ओढतोय. दुसऱ्याने बाह्या सारून चाबूक उगारलाय. रक्त अंगाच्या वळणानुसार वाकवून काढलंय, थेंब न् थेंब. मारेकऱ्यांचे केस मात्र नीट विंचरलेले. चेहऱ्यावर राग नाही. नळ दुरुस्त करणाऱ्या माणसासारखे दिसतात, आपल्या कामात गर्क.

दिवा आडवा धरला की रंगाखालचं सगळं वर येतं. तसा धरला, तर दोघांचेही डोळे खरवडून काढलेले. नखाने, किल्लीने, जे हाती लागेल त्याने. पाहुणी म्हणाली, "भाविकांनी. शेकडो वर्षं. समोर प्रार्थना करायचे, राग यायचा, डोळे काढायचे." मी काळ्या पेन्सिलीने लिहिलं, 'जुनी इजा, मुद्दाम केलेली.'

मग चित्राच्या कडेला एक बाई दिसली. वयस्कर, डोक्यावरून पदर घ्यावा तसं फडकं घेतलेली, तोंड दुसरीकडे. तिच्या दोन्ही हातांवर चाबूकवाल्याचा झगा. त्याने काम करायला उतरवून दिला असणार. तिचेही डोळे काढलेले.

"हिचे का?" मी विचारलं. "हिने तर बोटही लावलेलं नाही."

"झगा धरलाय," पाहुणी म्हणाली.

"झगा धरणं हा काय गुन्हा झाला?"

तिने खांदे उडवले. मी ओरखडे मोजले. मारेकऱ्यांच्या डोळ्यांवरचे एक मिलिमीटर खोल, बाईच्या डोळ्यांवरचे दीड. लोकही कमाल करतात. मारणारा राहिला बाजूला. मला त्या बाईची फार कीव आली.

१६ सप्टेंबर

सूनबाई कपडे वाळत घालत होती तेव्हा बाही वर सरकली. डावा दंड, आतली बाजू. चार डाग, अंडाकृती, जांभळे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. मागच्या बाजूला पाचवा, मोठा. बादलीची कडी लागली म्हणाली. मी विचारलंच नव्हतं.

१९ सप्टेंबर

आज थोडं आमच्या 'ह्यां'बद्दल. चित्रातल्या चाबकाने आठवलं असेल.

ह्यांचा हात जड होता. माझ्या तीन बरगड्या दोन वेगवेगळ्या वर्षी मोडल्या. एकदा केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हा चिरंजीव चार वर्षांचा होता, दाराआडून बघत होता. तेव्हा आपण कुठे कोणाला सांगत होतो? आपलेच दात, आपलेच ओठ. दुसऱ्या दिवशी पावडर लावून कामावर जायचे आणि लोकांच्या वस्तूंवरचे ओरखडे मोजायचे. सोसलं. शेवटी ते गेले आणि मी उरले. सोसणाऱ्याचाच शेवट गोड होतो, असं मी सूनबाईला आडून आडून सांगतेही. तिच्यावर हात उगारतो का तो? कधीतरी आवाज चढतो एवढं खरं. रक्त बापाचं, पण मन चांगलं आहे पोराचं. मला चहा करून देतो.

सूनबाईला आईवडील नाहीत. मीच तिचं माहेर, असं लग्नात मोठ्या तोंडाने म्हटलं होतं.

२३ सप्टेंबर

हे लिहू की नको असं दोनदा झालं. पण वहीच आहे, कोण वाचणार.

दुपारी निळ्या फरश्यांची पेटी हलवायची होती. अठ्ठेचाळीस फरश्या मिळून एक लढाई: घोडे, भाले, पोटं फाटलेली माणसं, सगळं निळं. पाहुणी साहेबांकडे चहाला गेली होती. मुकादम चिरंजीवाला म्हणाला, "पैलवान, जरा हात चालव, झोप लागलीय का?" एवढंच. चार लोक हसले. तसा ह्याच्या डोळ्यांत एक चकाकी येते, मी ओळखते. त्याने मुकादमाची कॉलर धरली, त्याला भिंतीला दाबलं, एक ठोसा तोंडात दिला. दात हलला मुकादमाचा. मग वळून ढकलगाडीला अशी लाथ घातली की पेटी उतारावरून सुटली आणि खांबावर आदळली.

सगळे मुकादमाला घेऊन नळावर गेले. पेटीजवळ मी एकटी. ठिपका लालभडक.

मी काय केलं ते लिहिते. चिकटपट्टी नखाने सोलून काढली आणि खिशात टाकली. पेटी उघडली. तिसऱ्या ओळीतली सातवी फरशी, घोड्याचा पुढचा पाय, टवका उडालेला, अकरा मिलिमीटर. आतली माती पांढरी, स्वच्छ. जुन्या टवक्यात मळ बसलेला असतो, हे शाळकरी पोरालाही कळेल. मी पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळून त्या पांढऱ्यावर फिरवलं. आणि अहवालात काळ्या पेन्सिलीने लिहिलं, 'जुना टवका.'

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. खाली सही केली. चिकटपट्टी या वहीच्या खिशात ठेवली आहे. फेकवली नाही. वस्तू फेकायची सवय नाही मला.

मुकादम शहाणा आहे, पडलो म्हणाला. चिरंजीव घरी येताना म्हणाला, "आई, तू आहेस म्हणून." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

२४ सप्टेंबर

सूनबाई. डावा कान. पाळी फाटलेली, कानातलं ओढलं गेल्यासारखी. रक्त सुकलेलं. केस मोकळे सोडून झाकलं होतं, वाऱ्याने उडाले.

जेवताना तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, वहीत लिहिता ना रोज?" मी म्हटलं, लिहिते गं बाई, परीक्षा आहे का माझी? "नाही," म्हणाली, "बरं वाटतं लिहिता ते."

पोरीला कशात आनंद वाटेल सांगता येत नाही.

३० सप्टेंबर

पाहुणीने फरशी पकडली. पकडणारच होती. तिकडून निघण्यापूर्वी काढलेला फोटो तिने पुढे ठेवला. त्यात घोड्याचा पाय अख्खा. मी म्हटलं, "फोटोत उजेड नीट नाही." तिने ओली कापसाची काडी घेऊन टवक्यावरून फिरवली. काडी काळी झाली, फरशी पांढरी. ती काडी तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवली. साहेबांना सांगितलं नाही. मला म्हणाली, "मी उद्घाटनानंतर पुन्हा बघेन. तोपर्यंत तुम्हीही बघा."

मला संधी देत होती. कळत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचं माझं वय राहिलं नाही, पण पोराची नोकरी जाईल. पोलीसही येतील. नाही लिहिता येणार.

३ ऑक्टोबर

उद्घाटन. गर्दी, फुलं, भाषणं. सूनबाई आली होती, गळाबंद, पूर्ण हाताचा ड्रेस, उकाडा असून. सगळे कॅनव्हासपुढे फोटो काढत होते, ती मात्र संत बाईच्या चित्रापुढे उभी. पंधरा-वीस मिनिटं. मी जवळ गेले तर तिने कडेच्या बाईकडे बोट केलं. "आई, हिचे डोळे कोणी काढले?" मी भाविकांचं सांगितलं. "मग आता हिला काही दिसत नसेल," ती म्हणाली आणि दुसरीकडे गेली.

पाहुणीही बघत होती. सूनबाईचा हात उंच झाला, बाही मागे गेली, मनगटाभोवती दोरीसारखा वळ. पाहुणी माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाली, "ती तुमच्या घरची?"

"सून."

"जुनं की नवं?"

अंगाचा तिळपापड झाला माझा. म्हटलं, तुम्ही तुमच्या फरश्या बघा, आमच्या घरात नाक खुपसू नका. मोठ्याने बोलले असणार, चार माणसं वळली. चिरंजीवही वळला. त्याने पाहुणीकडे बघितलं, मग सूनबाईकडे. तीच चकाकी.

मनगटाचा वळ नवा होता. कडा अजून लाल होत्या. एवढं लिहून ठेवते.

५ ऑक्टोबर

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाचता आलं तर देवाची कृपा.

काल शनिवार, दुपारी घरीच होतो तिघं. त्याला साहेबांचा फोन आला, पाहुणीने पुन्हा बघितलेल्या फरशीबद्दल सोमवारी येऊन सांगा म्हणून. फोन ठेवला. तिला म्हणाला, "तूच सांगितलंस त्या बाईला. उद्घाटनात तिच्याकडे बघत होतीस." ती म्हणाली, "मी कोणाशी एक शब्द बोलले नाही." तो म्हणाला, "आत चल."

मी स्वयंपाकघराच्या दारात. त्याने घड्याळ काढलं. माझ्यापुढे धरलं. "आई, धर."

मी धरलं.

त्याने पेट्या बांधायचा पट्टा उचलला, लोखंडी बकल असलेला, आणि खोलीचं दार आतून लोटलं. पहिला फटका, मग दुसरा. बकल कधी अंगावर लागतंय आणि कधी भिंतीवर, हे आवाजावरून कळत होतं. ती आधी ओरडली. मग ओरडणं थांबलं आणि नुसतं कुंथल्यासारखं येऊ लागलं. काहीतरी पडलं, आरसा असावा. तो ओरडत नव्हता. धापा टाकत होता, वजन उचलणाऱ्या माणसासारखा. मी दाराबाहेर उभी. तोंड खिडकीकडे. समोरच्या गच्चीत कोणाचा तरी शर्ट वाळत होता, त्याची एक बाही दोरीत अडकली होती, ती मी बघत होते.

आणि मग हातात काहीतरी टिकटिकतंय असं वाटलं. खाली बघितलं. घड्याळ मी दोन्ही हातांवर घेतलं होतं. दोन्ही हात पुढे, तळवे वर.

मला माझेच हात दिसले.

घड्याळ टाकून आत गेले. ती पलंग आणि भिंतीच्या फटीत, हाताने डोकं झाकलेली, हात रक्ताने भिजलेला, जबडा एका बाजूला सरकलेला. त्याने पुन्हा पट्टा उगारला होता. मी मध्ये हात घातला. बकल माझ्या मनगटावर बसलं, हाड मोडलेलं ऐकू आलं. मग मी डाव्या हाताने स्टूल उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. पोटच्या पोराच्या. नाक फुटलं त्याचं. पुन्हा हाणलं. तो खाली बसला आणि "आई, आई" करायला लागला, चार वर्षांच्या पोरासारखा, आणि मी तिसऱ्यांदा हाणलं. खालच्या मजल्यावरची नर्स दार ढकलून आली नसती तर मी थांबले असते की नाही, माहीत नाही.

घड्याळ फरशीवर पडून चालूच होतं. त्याने माझ्या हातात दिलं तेव्हा त्यात दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. मी आत गेले तेव्हा एकोणीस. सात मिनिटं.

७ ऑक्टोबर

सूनबाई वाचेल म्हणतात. पोटातली प्लीहा फुटली होती, ती काढली. जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, "हिच्या हाडांत जुनीही मोडतोड आहे. दोन बरगड्या, एक बोट. आपोआप जुळलेल्या." कधीच्या, ते सांगता येत नाही म्हणाले.

तपास करणाऱ्या पोलीसबाई चाळिशीच्या, थकलेल्या. माझ्याजवळ बाकावर बसल्या. "मावशी, स्पष्ट बोलते. तुमच्या मुलाचा वकील म्हणतोय, रागाच्या भरात एकदाच झालं. शेजाऱ्यांना काही माहीत नाही. ती बोलू शकत नाही. आधीचं काही दाखवता आलं नाही, तर तो महिन्याभरात घरी येईल. आणि आल्यावर काय होतं ते मी पुष्कळ पाहिलंय."

मी म्हटलं, "रागाच्या भरात नव्हतं."

"कशावरून?"

"घड्याळ काढून माझ्या हातात दिलं त्याने. ओरखडा जाऊ नये म्हणून."

त्यांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी कोठडीत चिरंजीवाला भेटू दिलं. नाकावर पट्टी, डोळे सुजलेले. "आई, जिन्यावरून पडली म्हण. तुझ्याशिवाय कोण आहे मला? एकदा सांभाळलंस ना, पुन्हा एकदा." मला त्याच्या हनुवटीवरचा वण दिसला, दीड वर्षाचा असताना उंबऱ्यावर पडला होता, तो. कडेवर घेऊन दवाखान्यात धावले होते, पायात चप्पल नव्हती. रडू आलं. तिथेच, सगळ्यांसमोर, भोकाड पसरलं मी. त्याला वाटलं, मी हो म्हणाले.

८ ऑक्टोबर

सूनबाईला शुद्ध आहे. उजवा हात हलतो. मी शेजारी बसले. म्हटलं, "मला माफ कर" हे म्हणायलाही तोंड नाही माझं. तिने खुणेने पाटी-पेन मागितलं. वाटलं, शिव्या लिहील, लिहू दे. तिने लिहिलं:

'वही आणलीत?'

वही पिशवीतच होती. मी काढली. तिने पुन्हा लिहिलं:

'वाचा. पहिल्यापासून.'

वाचली. सहा सप्टेंबर, खालचा ओठ, उजवीकडे, सहा मिलिमीटर, ताजा. सोळा सप्टेंबर, डावा दंड, चार डाग, मागे पाचवा. चोवीस सप्टेंबर, डाव्या कानाची पाळी. तीन ऑक्टोबर, मनगट, कडा लाल. तारीख, जागा, माप, रंग. माझ्याच अक्षरात. मला काही दिसत नव्हतं असं मी समजत होते, आणि एकही सुटलेलं नव्हतं.

मी तिच्याकडे बघितलं. पाटीवर तिने लिहून ठेवलंच होतं:

'तुम्ही मला वाचवणार नाही, माहीत होतं. पण डाग दिसला की लिहिल्याशिवाय राहणार नाही, हेही माहीत होतं.'

काखेत कळसा म्हणतात, तो असा. या पोरीने महिनाभर मार खाल्ला आणि जीव माझ्या खोडीवर टांगून ठेवला. माझ्यावर नाही, खोडीवर. मी तिचा पाय धरला. तिने ओढून घेतला. दुखत असेल. किंवा नसेल.

९ ऑक्टोबर

सकाळी संग्रहालयात गेले. साहेब आणि पाहुणी दोघांसमोर वहीच्या खिशातली चिकटपट्टी टेबलावर ठेवली आणि अहवाल मागितला. तिसऱ्या ओळीतल्या सातव्या फरशीपुढचा 'जुना' खोडला. लाल पेन्सिलीने टवका काढला, अकरा मिलिमीटर, खाली ठरलेलं वाक्य, खाली सही. लाठी बसलेल्या कुत्र्यासारखे साहेब बघत राहिले. म्हणाले, "बाई, तीन महिन्यांवर निवृत्ती, आणि हे? चौकशी लागेल." मी म्हटलं, लागू दे. पाहुणीने माझ्या डाव्या हातातली पेन्सिल सरळ करून दिली, वाकडी धरली होती.

निघताना चित्रापाशी थांबले. दिवा नव्हता हातात, तरी झगा धरणाऱ्या बाईच्या डोळ्यांवरचे ओरखडे दिसले. परवापर्यंत कीव येत होती. आज किल्ली पर्समध्ये होती. हात पर्सपर्यंत गेला, हे लिहून ठेवते.

आता अकरा वाजता पोलीसबाई येतील, ही वही घ्यायला. मधलं तेवीस सप्टेंबरचं पान फाडावं का, एकोणीसचं फाडावं का, असं मनात आलं. सगळ्या गावाला कळेल मी काय केलं आणि माझ्यावर काय झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीस वर्षं झाकली. फाडत नाही. फाटक्या वहीवर कोर्ट विश्वास ठेवत नाही, आणि मीही ठेवला नसता.

एक नोंद राहिली. लाल पेन्सिलीने करते.

जबडा दोन जागी मोडलेला. चार बरगड्या. प्लीहा काढलेली. डाव्या कानाने ऐकू येत नाही. पाठीवर बकलाचे एकोणीस वळ, पट्टीने मोजले, तिने मोजू दिले. चार ऑक्टोबर, दुपारी दोन बारा ते दोन एकोणीस. सात मिनिटं मी दाराबाहेर होते, घड्याळ धरून.

ठरलेल्या वाक्यातला पहिला शब्द खोडला आणि तिथे तिचं नाव लिहिलं. पुढचं तसंच ठेवलं, आमच्या ताब्यात असताना.

सही डाव्या हाताची आहे. माझीच आहे.